कपबशी जामीन राहते

चिनी मातीच्या भांड्यांच्या दोन जाती असतात. एक वापरायची आणि दुसरी ठेवायची. वापरायच्या जातीतल्या कपांना कान नसतात, बशांचे टवके उडालेले असतात आणि सहाच्या सेटमध्ये पाचच कप असून त्यांतले दोन भलत्याच सेटमधले असतात. ठेवायची जात काचेच्या कपाटात राहते. तिला कान असतात, सोनेरी कड असते आणि तिच्यातून चहा पिण्याचा मान ज्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला असतो, ते पाहुणे माझ्या हयातीत तरी आमच्या घरी उगवलेले नाहीत. आमचा सेट आईच्या लग्नात आहेर म्हणून आला. दर दिवाळीला तो बाहेर निघतो, कोमट पाण्यात आंघोळ करतो, मऊ पंचाने अंग पुसून घेतो आणि पुन्हा आत जाऊन बसतो. "यातून कधी कुणी चहा प्यायलंय का गं?" असं मी आईला एकदा विचारलं. "तुझ्या मुंजीत गुरुजींना दिला होता," ती म्हणाली, "तेव्हापासून एक बशी कमी आहे."

एक तिसरी पोटजातही आहे. कामाला येणाऱ्या बाईंचा कप. तो ओट्याच्या कोपऱ्यात वेगळा, पालथा ठेवलेला असतो आणि त्याविषयी आपण चारचौघांत बोलत नाही.

तर सांगायचं असं की, वस्तू ठेवायची म्हणजे नक्की कुणासाठी ठेवायची आणि घरावर वेळ आली तर ती विकायची की नाही, या प्रश्नाला मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी फारसा हात घातलेला दिसत नाही. बहुधा त्यांच्या घरी काचेची कपाटं नसावीत. पण इंग्लंडातल्या एका हायकोर्टाला मात्र तो सोडवावा लागला. तोही आमच्यासारख्यांच्या दिवाणखान्यातल्या सहा कपांसाठी नव्हे, तर ऐंशी हजारांवर वस्तूंसाठी.

स्टॅफर्डशायर परगण्यात स्टोक-ऑन-ट्रेंट म्हणून कुंभारांचं गाव आहे. त्याच्या शेजारी बार्लस्टन. तिथे वेजवूडच्या कारखान्याचं म्युझियम आहे. मी तिथे गेलेलो नाही. बँकेच्या कारकुनाच्या एल.एफ.सी.त कन्याकुमारी बसते, बार्लस्टन बसत नाही. पण काही लोक जसे रहस्यकथा वाचतात तसा मी दिवाळखोरीच्या हकिकती वाचतो. व्यवसायाचा दोष, दुसरं काय! त्या वाचनात हे म्युझियम सापडलं.

हा जोसाया वेजवूड १७३० साली कुंभाराच्या घरी जन्मला. लहानपणी देवी आल्या आणि उजवा गुडघा अधू झाला. त्यामुळे पायाने फिरवायचं चाक काही त्याला जमेना. चाक फिरवता न येणारा कुंभार म्हणजे बेरीज न येणारा कॅशियर. मग हा पठ्ठ्या चाक सोडून माती, रंग आणि भट्टी यांच्या मागे लागला. १७५९ मध्ये त्याने स्वतःचा धंदा काढला. १७६५ मध्ये त्याच्या मलईच्या रंगाच्या भांड्यांवर इंग्लंडची राणी खूश झाली, तेव्हा त्याने त्या मालाला राणीचंच नाव देऊन टाकलं आणि भाव वाढवले. १७६८ साली तो पाय कापावा लागला. गुंगीचं औषध निघायला अजून पाऊणशे वर्षं अवकाश होता, त्यामुळे तो प्रसंग मी वाचताना पटकन पान उलटलं. पुढे तो लाकडी पायाने कारखान्यात हिंडायचा आणि कडेला जरा वाकडं दिसलेलं भांडं त्याच पायाने फोडून टाकायचा, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, आमच्या इन्स्पेक्शनला येणाऱ्या साहेबांच्या कानावर ती जाऊ नये एवढीच इच्छा.

आता इथे एक बारीकसा खुलासा. आपण कपबशी दिसली की 'चिनी माती' म्हणून मोकळे होतो. शास्त्रार्थाने पाहिलं तर जोसायाची गाजलेली भांडी पोर्सेलीन नव्हेतच. ती मलई-रंगाची, नाहीतर काळ्या बसाल्टची, नाहीतर त्या जॅस्परची, म्हणजे फिकट निळ्या अंगावर पांढरी नक्षी, लग्नातल्या केकवर काढतात तशी. खरं बोन चायना त्या कारखान्यात सुरू झालं १८१२ साली, जोसायाच्या मुलाच्या काळात. बोन चायनात बोन असतं. म्हणजे जनावराच्या हाडांची राख, आणि तीही चिमूटभर नाही, जवळजवळ निम्मी. आमची आजी उपासाचा चहा नेमाने त्या पांढऱ्याशुभ्र कपातून घ्यायची, 'काच कशी सोवळ्यात चालते' म्हणून. ती गेली तेव्हा हे कुणाला ठाऊक नव्हतं, हे तिचं पुण्य.

या म्युझियममध्ये काय आहे? सुबक भांडी आहेत, तैलचित्रं आहेत, नमुन्यांच्या वह्या आणि पत्रांचे ढीग आहेत. पण मला सगळ्यात भावला तो तिथला नापासांचा वर्ग. त्या निळ्या जॅस्परचं मिश्रण जमवताना जोसायाने हजारो प्रयोग केले. मातीचे छोटे छोटे तुकडे भाजायचे, प्रत्येकावर नंबर टाकायचा आणि त्या नंबरापुढे वहीत मिश्रण लिहायचं, तेही सांकेतिक लिपीत, म्हणजे शेजारच्या कुंभाराने डोकावलं तरी हाती काही लागू नये. हे भाजलेले तुकडे ट्रेमध्ये मांडून ठेवलेले आहेत. कुठला करपलाय, कुठल्याचा रंग विटलाय. पोर्टलँड व्हास नावाचा एक प्राचीन रोमन काचेचा कलश होता. तो त्याने १७८६ मध्ये उमरावाकडून उसना आणला आणि हुबेहूब तसाच मातीत करायचा ध्यास घेतला. चार वर्षं लागली. त्या चार वर्षांतले तडे गेलेले, फोड आलेले कलशही तिथे ठेवलेत. आमच्या बँकेतही चुकलेली व्हाउचर्स जपून ठेवतात, पण ती आरोपपत्राला जोडण्यासाठी! चूक कौतुकाने काचेत ठेवायची ही कल्पनाच मला इतकी परकी वाटली, की तेवढ्यासाठी तरी एकदा बार्लस्टनला जावं असं वाटून गेलं.

गंमत म्हणजे स्वतः जोसायाने आपल्या मालाचे नमुने सुरुवातीला ठेवलेच नव्हते. १७७४ साली बेंटली या भागीदाराला लिहिलेल्या पत्रात तो हळहळलाय की, आपण काढलेल्या प्रत्येक नव्या वस्तूचा एकेक नग बाजूला ठेवायला हवा होता, आज तसा संग्रह कुणी दिला तर मी मूळ किमतीच्या वीसपट मोजीन. धंदेवाल्या माणसाची हळहळसुद्धा आकड्यांत असते. त्याच्या वंशजांनी १९०६ मध्ये म्युझियम उभं केलं. पुढे ते कंपनीपासून वेगळं काढून न्यासाच्या ताब्यात दिलं. हेतू हा की, उद्या कंपनीचं काही बरंवाईट झालं तरी ही मडकी सुखरूप राहावीत.

मडकी सुखरूप राहिली नाहीत. कारण ती जामीन राहिली.

हे समजायला माझ्या मामांची गोष्ट सांगितली पाहिजे. मामा सांगलीकडे मास्तर. त्यांच्या एका मित्राने पिठाची गिरणी टाकायला तिथल्या एका पतसंस्थेतून कर्ज काढलं. मामा जामीन राहिले. "नुसती सही तर करायचीय, मास्तर," असं मित्र म्हणाला होता. जगातली अर्धी दुःखं या वाक्यातून जन्माला येतात. दोन वर्षांनी मित्राने हात वर केले. गिरणी मेव्हण्याच्या नावावर झाली होती, ती चालूच राहिली. हप्ते मात्र मामांच्या पगारातून कापले जाऊ लागले. सात वर्षं. गल्लीत दुसरी गिरणी नव्हती, म्हणून मामी दळणही तिथेच पाठवायच्या, आणि ते दळायचे पैसेही रोख द्यायच्या. त्या सात वर्षांत मामींनी मामांना चहा कधी तोडला नाही, पण साखर मात्र त्या मित्राच्या नावाने तोडली. मामा आजही म्हणतात, "जामीन या शब्दातला काना पुसला की जमीन होते. ती आधी जाते."

म्युझियमचं झालं ते असं. १९८६ मध्ये वेजवूड कंपनी वॉटरफर्ड या आयरिश काचवाल्या कंपनीकडे गेली होती. पुढे कारखान्याचं बरंचसं काम इंडोनेशियाला हलवलं गेलं. २००८ च्या ऑक्टोबरात बार्लस्टनला म्युझियमची नवी इमारत थाटात उघडली, आणि २००९ च्या जानेवारीत कंपनी बुडाली. त्याच वर्षी म्युझियमला आर्ट फंडाचं एक लाख पौंडांचं बक्षीस मिळालं. म्हणजे इकडे हार घालताहेत आणि तिकडे मागच्या दाराने बेलिफ चढतोय, असा प्रकार. कंपनीच्या पेन्शन फंडात १३ कोटी ४० लाख पौंडांचं भगदाड होतं. आता म्युझियमचा त्याच्याशी संबंध काय? तर म्युझियमचे पाच कर्मचारी त्याच पेन्शन योजनेत होते. योजनेत माणसं सुमारे सात हजार, त्यांतली म्युझियमची पाच. पण तिथला कायदा असा की, एका योजनेत अनेक मालक असतील आणि बाकीचे सगळे बुडाले, तर जो शेवटचा उभा असेल त्याच्या डोक्यावर सगळ्यांचं देणं. बाकीचे बुडाले. उभं कोण? म्युझियम. पाच जणांसाठी सही केली होती, बिल आलं सात हजारांचं. २०१० मध्ये म्युझियमचाच कारभार दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेला, आणि २०११ च्या डिसेंबरात हायकोर्टाने निकाल दिला, की संग्रह ही म्युझियमची मालमत्ता आहे, सबब देणं भागवण्यासाठी ती विकता येईल. त्याच २०११ मध्ये तिथल्या दप्तराला युनेस्कोच्या ब्रिटनमधल्या 'जगाच्या स्मृती'च्या यादीत मानाचं पान मिळालं होतं. मान मिळाला आणि जप्ती आली. मराठी लेखकांना हा क्रम अपरिचित नाही.

आता सांगा, विकायचं की नाही?

मी हा प्रश्न आमच्या बँकेतल्या जेवणाच्या टेबलावर टाकला. आमच्याकडे १ एप्रिल २०१० च्या आधी चिकटलेले आणि नंतर चिकटलेले अशा दोन जाती आहेत. आधीच्यांना पेन्शन आहे, नंतरच्यांना शेअरबाजारावर सोडलेली नवी योजना. डबे एकत्र उघडतात, पण महागाई भत्त्याचा विषय निघाला की दोन्हीकडचे चेहरे वेगवेगळे होतात. मी आधीचा. आमचे हेडकॅशियरही आधीचे, आणि पुढच्या वर्षी सुटणारे.

"विका," हेडकॅशियर म्हणाले. भाजी तोंडात होती तरी म्हणाले. "यात विचार कसला करायचा? समजा, एका बाईने तिथे चाळीस वर्षं बशांना सोनेरी कड काढली. डोळे गेले, मान गेली. आता तिच्या पेन्शनला भोक पाडायचं, आणि तिनेच काढलेली कड काचेत ठेवून दिवे लावायचे? वर तिलाच तिकीट काढून बघायला बोलवायचं?"

टेबलावर शांतता पसरली. एक नंतरचा मुलगा म्हणाला, "सर, आम्हाला मडकंही नाही आणि पेन्शनही नाही." त्याचा मुद्दा इतिवृत्तात घेण्यात आला नाही.

हेडकॅशियरांचं म्हणणं मला त्या दिवशी पूर्णपणे पटलं. माणूस आधी, मडकं नंतर. घरी आल्यावर मी ते हिला ऐकवलं. ही म्हणाली, "अहो, सोनं आपण कशासाठी करून ठेवतो? अडीनडीलाच ना?" म्हणजे दोन मतं झाली. पण थोड्या वेळाने कणीक मळता मळता तीच म्हणाली, "पण सासूबाईंच्या पाटल्या मी तशा दिल्या नसत्या हं. गहाण टाकल्या असत्या. विकलं की संपलं, आणि गहाण टाकलं की निदान भांडायला तरी जागा राहते." बँकेत बावीस वर्षं काढून तारण आणि विक्री यांतला फरक मला इतक्या थोडक्यात सांगता आला नसता.

रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. नैतिक प्रश्न पडला की माणसं आकाशाकडे बघतात, आम्ही कारकून मंडळी आधी हिशेब मांडतो. पुढे त्या संग्रहाचा सौदा ठरला १ कोटी ५७ लाख ५० हजार पौंडांना. देणं होतं १३ कोटी ४० लाख. भागाकार केला. रुपयामागे बारा पैसेसुद्धा भरत नाहीत. म्हणजे सगळी कपाटं रिकामी केली, जोसायाचा लाकडी पाय मिळाला तर तोही विकला, तरी अठ्ठ्याऐंशी पैशांचं भोक आहे तिथेच. शिवाय तिथे २००५ पासून एक पेन्शन संरक्षण निधी आहे. कंपनी बुडाली की तो पेन्शन सांभाळतो. जे आधीच पेन्शनीला बसलेत त्यांना मूळ रक्कम पूर्ण, बाकीच्यांना साधारण नव्वद टक्के. हा निधी भरतात इतर कंपन्यांच्या पेन्शन योजना, वर्गणी देऊन. तेव्हा मडक्यांचे पैसे जायचे ते त्या निधीत. कड काढणाऱ्या त्या बाईच्या पिशवीत ते थेट पडणार नव्हते.

हा हिशेब मी दुसऱ्या दिवशी हेडकॅशियरांपुढे ठेवला. त्यांनी तो तपासला, खाली बारीक टिक केली आणि म्हणाले, "बेरीज बरोबर आहे. पण उद्या आमच्या पेन्शनच्या वेळी 'एवढ्याने काय होणार' म्हणून कुणी बारा पैसे सोडून दिले, तर आवडेल का तुम्हाला?"

नाही आवडणार. आणि हीच तर अडचण आहे. थकबाकीदाराची वस्तू सुंदर आहे म्हणून वसुली थांबवायची ठरवली, तर उद्या प्रत्येक थकबाकीदार दिवाणखान्यात एक कलश ठेवील. त्या निधीत वर्गणी भरणाऱ्या दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्यातल्या मजुराने वेजवूडच्या निळाईची किंमत का भरावी? न्यायाधीशमहाराजांवर मी रागावू शकत नाही. त्यांच्यापुढे जी कागदपत्रं आली त्यांवर त्यांनी बरोबर शिक्का मारला. जामीनखतावर सही असली की बँकही हेच करते. मी स्वतः तसल्या नोटिसा टाइप केलेल्या आहेत, आणि त्या टाइप करताना स्पेलिंगखेरीज दुसऱ्या कशाचाही विचार केलेला नाही.

तरीपण एक वस्तू माझ्या डोक्यातून जाईना. १७८७ मध्ये जोसायाने रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं असं एक पदक काढलं. पांढऱ्या मातीवर काळी आकृती. साखळदंडांनी बांधलेला एक गुलाम गुडघ्यावर बसलाय आणि हात जोडून विचारतोय, की मी माणूस नाही का, मी तुमचा भाऊ नाही का. गुलामांचा व्यापार बंद व्हावा म्हणून ही पदकं त्याने वाटली. विकली नाहीत, वाटली. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनकडे एक पुडकं पाठवून दिलं. बायका ती केसांत माळायच्या, पुरुष तपकिरीच्या डब्यांवर बसवून घ्यायचे. ज्याने राणीच्या नावावर भाव वाढवला, त्याच माणसाने ही वस्तू फुकट दिली.

आता मूल्यांककाने या पदकापुढे काय लिहावं? लिहील बिचारा. त्याचं कामच ते. लिलावात बोलीही येईल, घसघशीत येईल. पण बनवणाऱ्यानेच ज्याला किंमत लावली नाही, तो माल कंपनीच्या शिल्लक मालात धरायचा कसा? आणि ते करपलेले, नंबर घातलेले तुकडे? ते वहीपासून वेगळे केले, एक गठ्ठा न्यूयॉर्कला, एक टोकियोला आणि वही तिसरीकडे गेली, की त्यांची किंमत गिट्टीएवढी. आमच्या लेजरमधलं एक पान फाडून नेलं तर त्याला रद्दीचा भाव मिळेल, पण मागे राहिलेलं सबंध लेजरही त्या दिवसापासून रद्दीच होतं. काही वस्तू एकत्र आहेत तोवरच वस्तू असतात. कायद्याला मात्र सुटे नग मोजायची सवय.

आणि हेडकॅशियरांची ती कड काढणारी बाई? तिच्या वतीने आम्ही दोघांनी इतकी वकिली केली, पण तिला कुणी विचारलंय का? ती कदाचित म्हणेल, विका मेली ती मडकी, माझं गॅसचं बिल भरा. कदाचित नातवाला हाताशी धरून त्या कपाटापुढे उभी राहील आणि तिसऱ्या फळीवरच्या बशीकडे बोट दाखवील. जोसायाच्या काळी भट्टीपुढे उभ्या राहिलेल्यांना तर पेन्शन हा शब्दच ठाऊक नव्हता. ते कधी होऊन गेले याची जी काही खूण उरली आहे, ती त्या दप्तरात आणि त्या कपाटांतच. तेही देणेकरीच म्हणायचे, पण त्यांच्या वतीने कोर्टात अर्ज करणार कोण? हे मी हेडकॅशियरांना म्हटलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुम्ही कॉमर्स उगाच घेतलंत."

शेवटी झालं ते भलतंच. २०१४ च्या सप्टेंबरात आर्ट फंडाने लोकांपुढे हात पसरला. नोव्हेंबरअखेर पैसे उभे राहिले नाहीत तर लिलाव. मोठ्या निधींनी, लॉटरीच्या पैशांतून चालणाऱ्या वारसा निधीने मिळून १ कोटी ३० लाख पौंड आधीच कबूल केले होते. उरलेले २७ लाख ४० हजार लोकांकडून हवे होते. महिन्याभरात जमले. ज्यांनी कुणाला जामीन दिला नव्हता, ज्यांच्यावर कुणाचंही देणं नव्हतं, अशा हजारो लोकांनी आपापल्या खिशातून परक्या कंपनीच्या थकबाकीपैकी रुपयातले काही पैसे भरले आणि आजीच्या पाटल्या सोडवून आणाव्यात तशी ती मडकी सोडवून आणली. संग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला दान केला, आणि त्या म्युझियमने तो ताबडतोब बार्लस्टनला उसना दिला. म्हणजे कलश जिथे होते तिथेच राहिले. एक बशी हलली नाही. फक्त मालकाच्या नावाची पाटी बदलली. बँकेत आम्ही अशा ट्रान्सफरच्या नोंदी दिवसाला शंभर करतो, पण अशा नोंदीसाठी कुणी वर्गणी काढल्याचं मी पाहिलेलं नाही.

मला हा शेवट गोड वाटला. मडकी वाचली, निधीला त्याचे बारा पैसे पोचले, कोर्टाचा मान राहिला. जोसायाची वीसपट कुठल्या कुठे मागे पडली, पण ते असो. मागच्या महिन्यात सांगलीला गेलो होतो तेव्हा मी ही सगळी हकिकत मामांना रंगवून सांगितली. मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. डोळे मिटून ऐकत होते. पाच जणांची सही आणि सात हजारांचं बिल इथे त्यांनी मान डोलावली. लोकांनी पैसे भरले म्हटल्यावर "बरं झालं" म्हणाले. मग डोळे उघडून त्यांनी विचारलं, "आणि मूळ कर्जदार?"

"कंपनी बुडाली ना मामा."

"कंपनी बुडाली, पण तिचं नाव? साचे? यंत्रं? कप अजून मिळतात म्हणालास ना बाजारात?"

मिळतात. वेजवूडचं नाव, माल आणि धंदा २००९ च्या मार्चमध्येच एका अमेरिकन गुंतवणूक कंपनीने विकत घेतला. पेन्शनचं भगदाड त्या सौद्यात आलं नाही, ते मागेच राहिलं. सगळं कायदेशीर, सगळं कागदोपत्री चोख. असल्या सौद्यात असंच करतात, मीही खरेदीदार असतो तर तसंच केलं असतं. २०१५ साली, म्हणजे मडकी लोकवर्गणीतून सोडवल्यानंतर वर्षाच्या आत, वेजवूड आणि तिच्या जोडीच्या काच-चिनी मातीच्या कंपन्या मिळून सगळा धंदा फिनलंडच्या एका कंपनीने घेतला. किंमत ४३ कोटी ७० लाख डॉलर. हेडकॅशियर आणि मी दोन आठवडे त्या म्हाताऱ्या बाईला आणि त्या निळ्या कलशाला समोरासमोर उभं करून त्यांची कुस्ती लावत होतो, त्या सबंध वेळात हा आकडा आमच्यापैकी कुणाच्या कागदावर आलाच नव्हता. तो मी मामांना सांगितला.

मामा खुर्चीत थोडे पुढे सरकले. "म्हणजे," ते म्हणाले, "गिरणी चालूच होती की."

आणि त्यांनी आत मामींना हाक मारून चहा टाकायला सांगितला. साखर जरा जास्त घाल म्हणाले.